धसका नव्हता तो

भांडुप, मुंबई
१३ जुलै २०२४

चंद्रे,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. आधी राग घे.

काल सकाळपासून मी आणि समीक्षा हॉस्पिटलात तुझी वाट बघत बसलो होतो. पोरीने बँकेतून रजा टाकली होती. तिथल्या सिस्टरने तुझं नाव पुकारलं, थोड्या वेळाने परत पुकारलं. शेवटी मीच उठून सांगितलं की पेशंट अजून पोलादपुरातच आहे. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जसं काही मीच तुला डांबून ठेवलंय. भावोजींना फोन लावला तर म्हणतात, "बरं हाय." अहो, काय बरं आहे? तर म्हणे, "घाट बंद हाय. बाकी बरं हाय." आणि ठेवला.

घाट बंद होणार हे मी आधीच म्हणालो होतो. पाऊस लागलाय, दोन दिवस आधी ये, इथे रहा. तुला पटलं नाही. म्हशीचं कोण बघणार, लावणी कोण करणार. आता बघ लावणी.

तुला विजेचा शॉक देऊन ठोके सरळ केले, ते आठवडाभरही टिकले नाहीत. तेव्हाच डॉक्टर म्हणाले की आता फुग्याचा उपाय करावा लागेल, नळीतून हृदयात फुगा नेऊन ती बिघडलेली जागा गोठवायची. तुझ्याच समोर म्हणाले. ठोके असे वाकडेतिकडे पडत राहिले की हृदयात रक्त साकळतं, आणि त्याची गुठळी सुटून डोक्यात गेली की माणूस एका अंगाने जातो. हे तुला ऐकू आलं नसेल म्हणून इथे लिहितोय.

फोनवरचं तुझ्या कानात शिरत नाही आणि भावोजी अर्धं गिळून सांगतात. म्हणून यापुढे सगळं पत्राने. रक्त पातळ करायची गोळी सकाळ-संध्याकाळ घेतेस ना, ते स्पष्ट लिही. उत्तर तुझ्या हाताने लिही. सातवीत तुझं अक्षर माझ्याहून चांगलं होतं.

आशीर्वाद.
रामजीदादा


आंबेनळी घाट, ता. पोलादपूर
२२ जुलै

दादा,

तुझा राग पोचला. आशीर्वाद काय सापडला नाय, पत्राची खालची बाजू भिजून आली.

का नाय आले म्हणून ओरडतोस. आदल्या दिवशी निघालेच होते. पिशवी भरून, नवं लुगडं नेसून वळणावर उभी होते. एसटी आली नाय. मग कळलं, खाली दरड आली. मी यांना म्हटलं, चालत जाऊ, दरडीपलीकडून दुसरी गाडी धरू. गेलो. चिखलातून, दगडांवरून अर्ध्यावर पोचले आणि छातीत अशी फडफड सुटली की डोळ्यांपुढे काळोख. तिथंच धोंड्यावर बसले. जेसीबीवाला ओरडतोय, मावशी उठा, वरून अजून येईल. यांनी मला पाठुंगळी घेतलं आणि माघारी आणलं. सत्तरीला टेकलेला माणूस, त्याने बायकोला पाठीवर घेऊन चढ चढला. हे सगळं तुला फोनवर सांगा म्हटलं तर यांनी "बरं हाय" म्हणून ठेवला.

आता माझा राग घे.

तुझ्यासारखंच सगळे मला सांगतात, हे कर, ते करू नको. दोन पावसाळ्यांमागे वरची दरड गोठ्यावर आली, दोन म्हशी गाडल्या गेल्या. त्याच साली ही फडफड चालू झाली. झालं, सगळ्यांनी ठरवून टाकलं, चंद्राबाईने धसका घेतला. शेजारच्या ठकूबाईने मीठमिरच्या ओवाळल्या. भगताने दंडाला दोरा बांधला. खाली दवाखान्यात गेले तर सलाईन लावलं आणि म्हणाले, टेन्शन घेऊ नका. तूपण शिमग्याला आलास तेव्हा पालखीपुढे उभं राहून म्हणालास, चंद्रे, मन खंबीर ठेव. अरे, मनाला काय झालंच नव्हतं. म्हशी गेल्या त्याचं वाईट वाटलं, रडले, दुसऱ्या साली नवी म्हैस आणली. पण जिना चढल्यासारखा जीव सपाटीला पण दमत होता, ते मी कुणाला सांगू? सांगितलं की म्हणायचे, धसका.

महाडच्या डॉक्टरने पहिल्यांदा छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली आणि म्हणाला, बाई, हे मनाचं नाय, हृदयाची लय बिघडलीय. मला तिथं रडू फुटलं. त्याला वाटलं भ्याले. मी भ्याले नव्हते रे. कुणीतरी एकदा खरं मानलं म्हणून रडले.

आता तुझा फुगा. फुगा हृदयात नेऊन गोठवणार म्हणतोस. बर्फ बाहेर काढला की त्याचं पाणी होतं. माणसाचं हृदय तर गरम. मग गोठवलेलं वितळलं की परत तेच ना? हे डॉक्टरला विचार आणि मला लिही. नायतर मी येत नाय.

गोळ्या घेते.

चंद्रा


भांडुप
५ ऑगस्ट

चंद्रे,

दरडीचं वाचून मी पत्र खाली ठेवलं. भावोजींना माझा नमस्कार सांग. आणि सांग की असलं काही घडलं की "बरं हाय" म्हणू नका.

तुझा बर्फाचा प्रश्न समीक्षाने डॉक्टरांना तुझ्याच शब्दांत विचारला. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. फुफ्फुसाकडून काही शिरा येऊन हृदयाच्या डाव्या कप्प्याला मिळतात. त्यांच्या तोंडाशी भलतंच करंट सुटतं आणि कप्पा थरथरत बसतो. तीच तुझी फडफड. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर नेतात. तिच्या टोकाला छोटा फुगा. तो शिरेच्या तोंडाशी फुगवून एकदम थंडगार करतात. एक झाली की दुसरी. छाती फाडत नाहीत, टाके घालत नाहीत.

आता वितळायचं. वर महाबळेश्वरला थंडीत दहिवर गोठतं, पानं करपतात. मग ऊन पडलं म्हणून ती पानं परत हिरवी होतात का? तसंच. गोठवलेली जागा नंतर गरम होते, पण तिथे डाग धरतो, आणि त्या डागातून करंट पलीकडे जात नाही. वितळायची भीती नाही. एकदा केलं की सुटलीस, कायमची.

गौरी-गणपती झाले की लगेचची तारीख घेतली आहे. पाऊस उतरलेला असेल. समीक्षाच्या खोलीत तुझी सोय केली आहे. तुझ्या वहिनीने नाचणी मागवून ठेवली आहे, म्हणजे तू "मुंबईची भाकरी नको" म्हणून उपाशी बसायला नको. खर्चाचं समीक्षा बघते आहे, त्यात तू पडू नको.

गोळी एकही चुकवायची नाही. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं. एकही नाही.

रामजी


आंबेनळी घाट
१० सप्टेंबर

दादा,

येते. आज गौरी आल्यात, हात पिठात हायत, म्हणून थोडंच लिहिते. पानांचं पटलं.

म्हशीला ठकूबाई बघेल. तिला म्हटलं, तुझ्या मीठमिरच्यांनी काय झालं नाय, आता निदान धार तरी काढ. ती रुसली, पण काढेल.

गोळ्या घेते.

चंद्रा


भांडुप
२९ सप्टेंबर

चंद्रे,

तुला एसटीत बसवलं आणि मी एक शब्द न बोलता माघारी फिरलो. तिथे चारचौघांत बोललो असतो तर माझा तोल गेला असता. आता लिहितो.

"गोळ्या घेते." दोन पत्रांत दोनदा लिहिलंस.

तुला टेबलावर घ्यायच्या आधी त्यांनी घशातून नळी घालून हृदय तपासलं, आणि डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात गुठळी दिसली. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, आता नळी आत नेली तर ही गुठळी सुटेल. रद्द. मग तुला विचारलं, गोळ्या चुकल्या का? तू म्हणालीस, नाय. परत विचारलं, परत नाय. आणि इतकी वर्षं ज्या माणसाच्या तोंडून "बरं हाय" सोडून मी दुसरं काही ऐकलं नाही, ते भावोजी कोपऱ्यातून म्हणाले, "सोडल्यात हिने. पोळ्यापास्नं."

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी सांगत होतो ना सगळ्यांना, माझी बहीण शब्दाची पक्की आहे.

तू कुणाला फसवलंस? डॉक्टरला? मला? ती गुठळी तुझ्या छातीत होती, बाई. घाटातल्या एसटीच्या एका हिसक्यात ती डोक्यात गेली असती.

मी थकलो. तारखा घ्यायच्या, रजा टाकायच्या, हातापाया पडायचं, आणि तू तिकडे स्वतःच्या मनाने औषध बंद करायचं. यापुढे तुझं तू बघ. डॉक्टरांनी नवीन गोळी लिहून दिली आहे, ती पिशवीत तळाशी आहे. घ्यायची तर घे.

रामजी


आंबेनळी घाट
१४ ऑक्टोबर

दादा,

घेते. आता खरंच घेते. यांना रोज सकाळ-संध्याकाळ समोर बसवून घेते, म्हणजे तुला साक्षीदार पाहिजे असेल तर हाय.

खोटं बोलले ते बोलले. त्यावर तू काय बोललास ते बरोबर. पण का सोडल्या, हे एकाने तरी विचारलं का? डॉक्टर ओरडला, तू गप झालास, समीक्षा रडली. कुणी विचारलं नाय.

म्हशीचं गवत कापताना विळा बोटावर बसला. विळा काय आज पहिल्यांदा बसला का? बसतो, चुलीतली राख दाबायची, काम चालू. या वेळी राख दाबली, हळद दाबली, धोतराची चिंधी बांधली, रक्त थांबेना. पडवी लाल झाली. हे घाबरले, मी घाबरले. दिवस मावळेतो टिपत बसलो. ठकूबाई म्हणाली, त्या गोळीनं रक्ताचं पाणी झालंय तुझ्या. मला ते खरं वाटलं, कारण डोळ्यांनी दिसत होतं. गुठळी कुठं दिसत होती? ती तुमच्या मशिनीत. रक्त माझ्या पडवीत.

यांना म्हटलं, वर चढून जा, रेंज मिळते तिथनं दादाला फोन लावा. मग म्हटलं नको. तो म्हणेल, गोळी सोडायची नाय, एकही नाय, आणि ठेवून देईल. तू तसंच म्हणाला असतास. खरं सांग.

गोळी लिहून देताना कुणीतरी एवढंच सांगायचं होतं, की कापलं तर घाबरू नका, घट्ट दाबून धरा, वेळ लागेल पण थांबेल, आणि नाय थांबलं तर दवाखाना गाठा. महाडच्या डॉक्टरला आता मी जाऊन विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. आधी का नाय सांगितलं म्हटलं, तर म्हणाला, मावशी, बाहेर रांग केवढी असते. त्याचंपण खरं. सगळ्यांचंच खरं असतं रे दादा, मरायला मी एकटी.

तुझं तू बघ म्हणालास. बघते. पण तारीख मला कुणी देत नाय, तुलाच देतात. तेव्हा रुसून झालं असेल तर घे. भात झोडून होऊ दे, एवढंच.

चंद्रा


भांडुप
३० ऑक्टोबर

चंद्रे,

रुसून झालं नव्हतं. समीक्षाने तुझं पत्र मोठ्याने वाचलं, आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे बघत बसली. तुझ्या वहिनीने पण. घरात दोघी तुझ्या बाजूच्या.

हो, मी तसंच म्हणालो असतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख आहे. आधी परत घशातून तपासणी. गुठळी विरली असेल तरच पुढे.

दिवाळीचा फराळ गावच्या माणसाबरोबर पाठवतोय. विळा भावोजींच्या हातात दे.

रामजी


आंबेनळी घाट
२ जानेवारी २०२५

दादा,

सुखरूप पोचले. तुमच्याकडे इतके दिवस राहिले, तेव्हा सांगायचं राहून गेलं, कारण तुझ्या घरात बोलायला लागलं की तू टीव्हीचा आवाज वाढवतोस.

ती घशातली नळी बाहेर काढली आणि डॉक्टर म्हणाला, साफ हाय, तेव्हा तू बाहेर समीक्षाच्या खांद्यावर डोकं टेकून उभा होतास. दार उघडं होतं. मी बघितलं.

आतलं सांगते. झोपेचं औषध होतं, पण पूर्ण झोप नाय. समोर टीव्हीवर माझ्याच छातीतल्या तारा हलत होत्या. फुगा थंड झाला की कपाळात कळ यायची, घाईनं बर्फाचा गोळा खाल्ल्यावर येते तशी. आणि खोकला. सिस्टर म्हणायची, मावशी, हलू नका. मी मनात म्हणायचे, बाई, हलतंय कोण, ते आतलंच हलतंय. मग डॉक्टर म्हणाला, "बघा मावशी, सरळ झालं." पडद्यावर ठोका, मग जागा, मग ठोका, मग जागा. लावणीला दोरी धरून रोपं लावल्यासारखं.

नंतर पाय सरळ ठेवून पडायचं, कूस बदलायची नाय, तेवढा वेळ मात्र जीव नकोसा झाला. मांडी अजून काळीनिळी हाय.

पण दादा, छाती गप हाय. पयल्या रात्री तर मला वाटलं, बंदच पडली की काय. हात ठेवून बघितला.

नाचणीची पिशवी वहिनीला पोचती कर. त्यांची भाकरी चांगली असते, मी उगाच नावं ठेवली.

चंद्रा


आंबेनळी घाट
२३ जानेवारी

रामजीदादांस हैबतीचा रामराम.

मी पत्र लिहीत नाय हे तुम्हाला माहीत हाय. वर चढून फोन लावला, तुमचा बंद लागला. म्हणून लिहितो.

हिचे ठोके परत बिघडले. परवा अंगण सारवताना बसली ती उठेना. तशीच फडफड. ही म्हणते कुणाला कळवू नको. म्हणून कळवतो.

गोळ्या घेते. माझ्यासमोर घेते.

ती कुणाशी बोलत नाय. जेवण करते, वाढते. काल फक्त म्हणाली, दादा कायमचं म्हणाला होता. 

बरं नाय.

हैबती उतेकर


भांडुप
२९ जानेवारी

चंद्रे,

भावोजींचं पत्र आलं. त्यांनी "बरं नाय" लिहिलंय हे वाचून मी तसाच उठून डॉक्टरांची वेळ घेतली.

आज डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, घाबरू नका. गोठवल्यावर पहिले तीन महिने ती जागा सुजलेली, चिडलेली असते, तेवढ्यात ठोके परत बिघडू शकतात. याला फसलं म्हणत नाहीत. पुन्हा एकदा विजेचा शॉक देऊन सरळ करतात, आणि डाग नीट धरला असेल तर या वेळी टिकतं.

हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. ऑगस्टमध्येच. आणखी एक सांगितलं होतं. तुझ्यासारखं, महिनोन्‌महिने चालू राहिलेलं दुखणं असेल तर दहातल्या सहा-सात जणांचं राहतं. बाकीच्यांना परत करावं लागतं, किंवा गोळ्यांवर राहावं लागतं. कायमचं हा शब्द डॉक्टरांनी वापरलाच नव्हता. तो मी घातला.

तुला खरे आकडे सांगितले असते तर तू म्हणाली असतीस, मग नकोच. आणि मला ते परवडणारं नव्हतं. आई अंगणात पडली आणि एका अंगाने गेली, तेव्हा मी इथे होतो. तिला भरवायचं, धुवायचं, कुशीवर वळवायचं, सगळं तू केलंस. ती जाईपर्यंत. मी सणाला यायचो आणि तिच्या उशाशी बसून परत जायचो. तुझं तसं झालं तर तुझं कोण करणार? भावोजी पाठीवर किती दिवस घेतील? हे डोक्यात असताना माणूस खरं बोलत नाही.

शॉकसाठी पुढच्या आठवड्यात ये. नाही म्हणू नकोस. मी गाडी करून घ्यायला येतो.

रामजी


आंबेनळी घाट
३ फेब्रुवारी

दादा,

तू आईचं काढलंस म्हणून मी पत्र फाडलं नाय. फाडणार होते.

मी काय कुक्कुलं बाळ हाय? दहातल्या सहांचं राहतं म्हणून सांगितलं असतंस तर मी आले नसते? अरे, आम्ही दरसाल वरी-नाचणी पेरतो. दहातले सहा दाणे उगवले तर देवाला नारळ फोडतो. पीक कायमचं येईल असं मला कोण सांगतो? तरी पेरतोच ना? तुला मुंबईत जाऊन इतकी वर्षं झाली, की शेतकऱ्याच्या पोरीला नशिबाचं गणित शिकवावं लागत नाय हे विसरलास.

कायमचं म्हणालास म्हणून जास्त लागलं. अंगणात बसले तेव्हा फडफडीनं नाय घाबरले. मला वाटलं, एवढा फुगा, एवढा बर्फ, सगळ्यांचं राहतं आणि माझंच नाय राहिलं, म्हणजे माझ्यातच काय तरी खोट. परत ते धसक्यावर येणार सगळे. ठकूबाई आलीच होती वाटीत मीठ घेऊन. पहिल्या तीन महिन्यांत असं होतं एवढं एक वाक्य माहीत असतं, तर मी तिला दारातूनच माघारी पाठवली असती.

मी खोटं बोलले ते गोळीचं. तू खोटं बोललास ते इलाजाचं. फिटंफाट. पण यापुढे डॉक्टर जे बोलेल ते सगळं लिहायचं, गोड असो की कडू. नायतर मी कान तपासून घेईन आणि सगळं स्वतः ऐकेन. मग तुला कोण विचारेल?

गाडी करू नको. आम्ही दोघं एसटीनं येतो.

चंद्रा


भांडुप
२१ एप्रिल

चंद्रे,

काल तू जशी उठून गेलीस, त्यावर दोन शब्द.

शॉकला अडीच महिने झाले. तुझ्या छातीला दिवसभर यंत्र लावून ठेवलं होतं, त्याचा कागद डॉक्टरांनी आपल्याला दाखवला. सरळ. मधेच एखादा ठोका चुकार, तसा कुणाचाही चुकतो. मी मनात पेढे वाटत होतो. आणि तू विचारलंस, "मग गोळ्या बंद?" डॉक्टर म्हणाले, ठोक्यांची हळूहळू कमी करू, रक्त पातळ करायची मात्र चालू ठेवायची. तू खुर्ची मागे सारलीस आणि म्हणालीस, "मग एवढं केलं कशाला?" आणि निघालीस. भावोजी बिचारे चपला शोधत तुझ्या मागे.

ठरल्याप्रमाणे सगळं लिहितो. गोळी चालू राहणार, कारण फडफड गेली तरी गुठळीची भीती वयामुळे आणि तुझ्या ब्लडप्रेशरमुळे राहते. ठोके पुढे कधी परत बिघडू शकतात. तसं झालं तर परत फुगा करता येतो, नाहीतर गोळ्या. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस चांगला आहे, उद्याचं मी लिहून देऊ शकत नाही. हे त्यांचेच शब्द. मी काही घातलं नाही, काही काढलं नाही.

मला पण राग आला होता. वर्षभर धावपळ करून शेवटी हातात काय, तर परत गोळी आणि परत तपासणी. मला वाटलं होतं एक दिवस डॉक्टर हात मिळवतील आणि म्हणतील, जा, संपलं. तसं कुणी म्हणत नाही बहुतेक.

पण परवा सकाळी तू आमचे सगळे मजले चढून आलीस, कारण लिफ्ट बंद होती. हातात दुधाची पिशवी होती. दारात येऊन तू वहिनीशी भांडायला लागलीस की दूध पाण्यासारखं आहे. धाप न लागता भांडलीस. मी आतल्या खोलीतून ऐकत होतो.

रामजीदादा


आंबेनळी घाट
१६ मे

दादा,

सगळं लिहिलंस. कडू होतं, पण गिळलं. गोळी घेते.

राग अजून हाय. कुणावर ते नीट सांगता येत नाय. म्हशी गाडल्या गेल्या तेव्हा सरकारी माणूस येऊन पंचनामा करून गेला, कुणावर रागवायचं ते तरी कळत होतं. या दुखण्यात डॉक्टर चांगला, तू चांगला, गोळी चांगली, आणि तरी माझं एक वरीस गेलं ते गेलंच. त्याआधीची दोन धसक्यात गेली.

काल मी वरच्या दळीवर, डोंगरउतारावरच्या आमच्या तुकड्यावर गेले. दरड आल्यापास्नं तिथं पाय ठेवला नव्हता, कारण चढ अंगावर येतो. यांना सांगितलं नाय, म्हणाले असते चल मी येतो, आणि मग वाटभर माझ्या तोंडाकडे बघत चालले असते. एकटीच गेले, टोपलीत कोयता टाकून. करवंदीच्या जाळ्यांनी सगळं खाल्लंय, बांध ढासळलाय. पाऊस यायच्या आत साफ केलं तर या साली वरी टाकता येईल. कोयता जपून चालवते, हाताला फडकं गुंडाळून, तेव्हा ओरडायला बसू नको.

चढताना मधी एकदा बसावं लागलं. बसले आणि सवयीनं छातीवर हात ठेवला. तिथं काय नव्हतं. दम लागला म्हणून बसले नव्हते रे, उजवा गुडघा दुखला म्हणून बसले होते. हसले एकटीच, वेड्यासारखी.

गुडघ्याचं डॉक्टरला सांगू नको. लगेच तारीख घेशील.

चंद्रा